तुमचा ट्रेड कोणता? एका लहानशा इंग्रजी शब्दाची नीट ओळख

जून-जुलैत आमच्याकडे दोन कामांची घाई एकदमच येते. वावरात पऱ्हाटी म्हणजे कपाशी टोबायची असते आणि घरातलं दहावी किंवा आयटीआय झालेलं पोरगं फॉर्मचे कागद घेऊन मागे लागलेलं असतं. मी फिटर. आयटीआय केलं, काही वर्षं कारखान्यात काढली. आता तालुक्याच्या गावी माझं लहान वर्कशॉप आहे आणि संध्याकाळी आसपासच्या पोरांचे अर्ज तपासून देतो. या कामात एका शब्दावर अडखळणारी इतकी पोरं पाहिली की त्यावर सविस्तर लिहायचं ठरवलं. तो शब्द म्हणजे ट्रेड.

गेल्या पावसाळ्यात एक पोरगा वडिलांना घेऊन आला. दोन वर्षं इलेक्ट्रिशियन शिकून चांगल्या मार्कांनी पास झालेला. एका कारखान्याच्या अप्रेंटिस भरतीचा कागदी अर्ज त्याने रात्री बसून भरला होता. अक्षर सुंदर, खाडाखोड नाही. आणि ट्रेडच्या रकान्यात लिहिलेलं होतं, शेती. मी वर पाहिलं तर वडीलच म्हणाले, "भाऊ, ट्रेड म्हंजे धंदाच ना? आमचा त शेतीचाच धंदा हाय."

त्या माणसाचं काहीच चुकलं नव्हतं. शब्दकोश उघडला तर ट्रेडपुढे व्यापार, धंदा हेच आधी सापडतं. पण तो अर्ज तसाच गेला असता, तर दोन वर्षांचं शिक्षण त्या एका रकान्यात अडकलं असतं.

आधी शब्द समजून घ्या

इंग्रजीत हा शब्द चौदाव्या शतकाच्या सुमारास उत्तर जर्मनीकडच्या बोलीतून आला. तेव्हा त्याचा अर्थ व्यापार नव्हता. अर्थ होता वाट, पायांनी पडलेली वाट. आपल्याकडची पांदण डोळ्यांसमोर आणा. एकाच वाटेने बैलगाडी, माणसं, ढोरं वर्षानुवर्षं जातात आणि तिथे चाकोरी पडते. माणूस रोज ज्या वाटेने जातो ती त्याची वहिवाट, आणि रोज जे काम करतो तेही त्याची वहिवाटच. असं करत सोळाव्या शतकापर्यंत ट्रेड म्हणजे माणसाचं शिकलेलं, नेहमीचं काम असा अर्थ स्थिर झाला. खरेदी-विक्री हा अर्थही त्याच शतकात जोडला गेला. दोन्ही अर्थ आजही चालू आहेत आणि आपला गोंधळ तिथूनच सुरू होतो.

हाताच्या कामात ट्रेड म्हणजे काय, हे मला पुस्तकातून कळलं नाही. आयटीआयच्या पहिल्या काही आठवड्यांत आम्हाला लोखंडाचा चौकोनी तुकडा आणि कानस दिली होती. तो तुकडा घासून सपाट करायचा, मग त्यावर गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, ठेवून तुकडा उजेडाकडे धरायचा. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची बारीक रेघ दिसली की पुन्हा घासायचं. निदेशक काही बोलायचे नाहीत, फक्त तुकडा परत देऊन टाकायचे. तळहाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. एके दिवशी तुकडा उजेडाकडे धरला आणि रेघ दिसली नाही. फिटर या ट्रेडची सुरुवात माझ्यासाठी त्या दिवशी झाली. ठरवून दिलेला अभ्यासक्रम, ठरलेला काळ, कसाला लागलेला हात आणि त्याची परीक्षा, एवढं सगळं मिळून ट्रेड होतो. दुकान टाकणं ही वेगळी गोष्ट आहे.

मराठीत गोंधळ कुठे होतो

मराठीत बोलताना व्यवसाय हा एकच शब्द आपण चार इंग्रजी शब्दांसाठी वापरतो, आणि कागदावर मात्र एकाच ट्रेडला वेगवेगळे शब्द येतात. आपल्या संविधानाचं कलम १९ पाहा. नागरिकाला कोणतंही काम करण्याचं स्वातंत्र्य देताना इंग्रजीत चार शब्द आहेत: प्रोफेशन, ऑक्युपेशन, ट्रेड, बिझनेस. मराठीत त्यांच्यासाठी पेशा, व्यवसाय, व्यापार आणि धंदा असे शब्द आले. म्हणजे इथे ट्रेड झाला व्यापार. पगारातून कापला जाणारा प्रोफेशन टॅक्स पाहा, तो झाला व्यवसाय कर. तो १९७५ च्या ज्या कायद्याने लागतो त्याच्या नावातही ट्रेडला व्यापारच म्हटलं आहे. आणि आयटीआयकडे वळलात की उलटं दिसतं. तिथे ट्रेड म्हणजे व्यवसाय. व्यवसाय सिद्धांत म्हणजे ट्रेड थिअरी, अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा म्हणजे ऑल इंडिया ट्रेड टेस्ट. आपल्या संचालनालयाचं नावच व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय आहे.

म्हणून अर्जातला शब्द पाहून लगेच भरू नका. आधी त्याचे शेजारी पाहा. 'पालकाचा व्यवसाय' किंवा ऑक्युपेशन विचारलं असेल तर घरचं पोट कशावर चालतं ते लिहायचं. तिथे शेती, शेतमजुरी, दुकान, जे असेल ते. शेजारी उत्तीर्ण झाल्याचं वर्ष, संस्थेचं नाव, मार्क, कालावधी असे रकाने असतील तर ट्रेड म्हणजे तुम्ही शिकलेलं कसब. शेजारी परवाना, जागेचा नमुना ८, दुकानाचं नाव, भाडेकरार असे शब्द असतील तर तो व्यापाराचा कागद आहे. ट्रेड लायसन्स हा दुकान-धंद्याचा परवाना आहे, त्याचा आयटीआयशी काही संबंध नाही. बाजार समितीत कापूस घेणाऱ्याला लोक ट्रेडर म्हणतात, तो व्यापारी. इलेक्ट्रिशियन कधी ट्रेडर होत नाही. इंग्रजीत स्वतःला ट्रेडर म्हटलंत तर समोरचा तुम्हाला खरेदी-विक्रीवाला किंवा शेअर बाजारवाला समजेल.

मग प्रमाणपत्र समोर ठेवून नाव जसंच्या तसं उतरवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे घाई करू नका. ट्रेडच्या रकान्यात 'आयटीआय' लिहू नका. आयटीआय ही संस्था आहे. 'इलेक्ट्रिकल' लिहू नका, ती शाखा आहे. ट्रेडचं नाव इलेक्ट्रिशियन. 'मेकॅनिकल' लिहू नका, ट्रेड फिटर असेल, टर्नर असेल, मशिनिस्ट असेल. 'वायरिंगचं काम' लिहिणारी पोरंही पाहिली आहेत, त्यांचा ट्रेड वायरमन होता. इलेक्ट्रिशियन आणि इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक यांची नावं सारखी वाटतात, पण हे दोन वेगळे ट्रेड आहेत. ऑनलाइन अर्जात यादी खाली उघडते तेव्हा घाईत वरचं नाव निवडलं जातं आणि कागदपत्र तपासणीच्या दिवशी ते लक्षात येतं.

स्पेलिंग प्रमाणपत्रावरून उतरवा, डोक्यातून नाही. ट्रेड म्हणजे टी, आर, ए, डी, ई. फिटरमध्ये टी दोनदा. इलेक्ट्रिशियनच्या शेवटी सी, आय, ए, एन येतं, तिथे एस-एच शोधू नका. प्लंबरमध्ये बी लिहायचा असतो, बोलायचा नसतो.

एनसीव्हीटीचं, म्हणजे राष्ट्रीय व्यावसायिक प्रशिक्षण परिषदेचं, अंतिम प्रमाणपत्र म्हणजे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, नॅशनल ट्रेड सर्टिफिकेट. लोक त्याला एनटीसी म्हणतात. त्यावर ट्रेडचं नाव, कालावधी आणि तुमचं नाव छापलेलं असतं. अप्रेंटिसशिप पूर्ण करून परीक्षा दिल्यावर मिळतं ते नॅशनल अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट, एनएसी. दोन्हींवर ट्रेड असतो म्हणून पोरं एकाच्या जागी दुसरं जोडतात. जाहिरातीत कोणतं मागितलं आहे ते शब्द न शब्द वाचा. दहावीच्या मार्कशीटवरच्या आणि एनटीसीवरच्या नावात एका अक्षराचा जरी फरक असला तरी भरतीच्या आधी तो दुरुस्त करून घ्या. भरतीच्या आठवड्यात तो दुरुस्त होत नाही.

विजेच्या पोरांसाठी एक गोष्ट आणखी. वायरमनचा ट्रेड आणि वायरमनचा परवाना या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ट्रेड आयटीआयकडून येतो. वायरिंगचं काम करण्याचा परवाना राज्याच्या अनुज्ञापक मंडळाकडून मिळतो. 'माझ्याकडे लायसन्स आहे' असं म्हणताना हातात खरंच परवाना आहे की नुसतं प्रमाणपत्र, ते पाहून बोला.

जाहिरात मराठीत असेल तर

महावितरणच्या विद्युत सहायक भरतीची जाहिरात पाहिलेल्यांना वीजतंत्री आणि तारतंत्री हे शब्द माहीत असतील. वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियन, तारतंत्री म्हणजे वायरमन. ओळखीच्या एका मुलाने ती जाहिरात वाचून 'हे आपल्यासाठी नाही' म्हणून बाजूला ठेवली होती. तो स्वतः वायरमन होता. त्याच्या तोंडी तारतंत्री हा शब्द कधी आलाच नव्हता.

म्हणून ही नावं एकदा पाठ करून टाका. फिटर म्हणजे जोडारी. टर्नर म्हणजे कातारी, कात म्हणजे लेथवर काम करणारा. वेल्डर म्हणजे संधाता, सांधणारा. मशिनिस्ट म्हणजे यंत्र कारागीर, प्लंबर म्हणजे नळ कारागीर, पेंटर म्हणजे रंगारी, ड्राफ्ट्समन सिव्हिल म्हणजे आरेखक स्थापत्य. मला जोडारी हा शब्द फार आवडतो. सुटे भाग जोडून यंत्र उभं करणारा माणूस त्यात दिसतो. पण इंग्रजी अर्जात जोडारी लिहू नका आणि मराठी अर्जात नाव बदलून नवीन शब्द बनवू नका. जाहिरातीत जो शब्द आहे तोच वापरा.

अप्रेंटिसच्या अर्जात ट्रेडसोबत दुसरा शब्दही येतो

शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. त्यात अप्रेंटिसचे प्रकार आहेत आणि पोरं नेमकी तिथे घसरतात. ट्रेड अप्रेंटिस ही मुख्यतः आयटीआयवाल्यांची जागा. टेक्निशियन अप्रेंटिस डिप्लोमावाल्यांसाठी, म्हणजे पॉलिटेक्निक झालेल्यांसाठी. ग्रॅज्युएट अप्रेंटिस पदवीधरांसाठी. टेक्निशियन हा शब्द भारी वाटतो म्हणून आयटीआयचं पोरगं तो निवडतं आणि अर्ज बाद होतो.

आपल्या भागात अशा जागा निघतात त्या ठिकाणांची नावं विदर्भातल्या पोरांनी लक्षात ठेवावीत. नागपूरचं वेस्टर्न कोलफील्ड्स म्हणजे डब्ल्यूसीएल, ज्यांच्या खाणी वणी, माजरी, उमरेडकडे आहेत. अंबाझरी, भंडारा आणि भद्रावतीजवळचे आयुध निर्माणीचे कारखाने. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, पारस इथली वीज केंद्रं. भंडाऱ्याकडे मॉइल या सरकारी कंपनीच्या मँगनीज खाणी. यांच्या सूचना वाचताना ट्रेडनिहाय जागा असा तक्ता येतो. त्या तक्त्यात आपल्या ट्रेडसमोरचा आकडा आधी पाहा. एकूण जागा शंभर असून तुमच्या ट्रेडच्या चारच असतील, तर तुमच्यासाठी जागा चारच आहेत.

सैन्य भरतीत मात्र हा शब्द वाट बदलतो. अग्निवीर ट्रेड्समन ही वेगळी वर्गवारी आहे, तिथे दहावी पास आणि आठवी पास अशा जागा असतात. स्वयंपाक, कपडे धुणं, केस कापणं, मेस सांभाळणं, हे तिथले ट्रेड. आयटीआय झालेले अनेक जण ट्रेड्समन हा शब्द पाहून तीच आपली जागा समजतात. अग्निवीर टेक्निकल हा प्रकार वेगळा आहे. दोन्हींच्या अटी शेजारी ठेवून वाचा आणि मगच बोट टेकवा. तिथली ट्रेड टेस्टही आयटीआयची परीक्षा नसते. त्या-त्या कामाची हाताने करून दाखवायची चाचणी असते.

आयटीआय नाही, पण हातात कसब आहे

ट्रेड हा शब्द फक्त आयटीआयच्या पोरांचा नाही. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ ट्रेड ठरवून दिले आहेत. सुतार, लोहार, कुंभार, सोनार, गवंडी, शिंपी, चर्मकार, टोपल्या-झाडू विणणारे, माळा करणारे, मासेमारीचं जाळं विणणारे असे हाताने आणि स्वतःच्या हत्यारांनी काम करणारे लोक त्यात येतात. योजनेला वर्ष झालं तेव्हाचा राष्ट्रीय कार्यक्रम वर्ध्यात झाला होता, त्यामुळे नाव बऱ्याच जणांच्या कानावर आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं प्रोत्साहन, आणि तारण न देता आधी १ लाख व मग २ लाखांपर्यंत पाच टक्के व्याजाचं कर्ज, असं योजनेचं स्वरूप आहे. नोंदणी सीएससी केंद्रावर, म्हणजे सरकारी ऑनलाइन कामं करून देणाऱ्या केंद्रावर होते आणि पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत.

इथे ट्रेडच्या रकान्यात आपली जात लिहायची नसते. गावात कामाचं नाव आणि जातीचं नाव एकच असतं, त्यामुळे म्हातारी माणसं गोंधळतात. माणूस आज हाताने काय करतो हे विचारलेलं आहे. लोहाराच्या घरचा मुलगा शिवणकाम करत असेल तर त्याचा ट्रेड शिंपीकाम. आमच्याकडे मिस्त्री म्हणजे गवंडीही असतो, मोटार दुरुस्त करणाराही असतो आणि सुताराला वाढई म्हणतात. केंद्रावर नुसतं 'मिस्त्री' सांगू नका. 'गवंडीकाम' असं स्पष्ट सांगा, नाहीतर समोरचा पोरगा त्याला सुचेल तो ट्रेड निवडेल.

आता तोंडाने बोलायची वेळ

कंपनीतून फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो: विच ट्रेड? याचं उत्तर तीन-चार शब्दांत द्या. फिटर, टू इयर्स, एनसीव्हीटी. 'सर मी आयटीआय केलं आहे सर' अशी लांब सुरुवात करू नका. त्यांना ट्रेडच ऐकायचा असतो.

मुलाखतीत पूर्ण वाक्य लागतं. सरळ आणि बरोबर वाक्य असं: आय डिड माय आयटीआय इन द फिटर ट्रेड. दुसरं याहून सुंदर आहे: आय अ‍ॅम अ फिटर बाय ट्रेड. यात 'बाय ट्रेड' म्हणजे माझं शिकलेलं कसब हे आहे. इथे 'बाय अ ट्रेड' किंवा 'बाय माय ट्रेड' म्हणायचं नसतं. फिटरच्या आधी मात्र 'अ' हवा आणि इलेक्ट्रिशियनच्या आधी 'अ‍ॅन'. म्हणजे, आय अ‍ॅम अ‍ॅन इलेक्ट्रिशियन बाय ट्रेड. दोन वेगवेगळी कसबं शिकला असाल तर 'टू ट्रेड्स', शेवटी एस. 'आय अ‍ॅम ट्रेड फिटर' हे बरोबर नाही. 'माय ट्रेड इज फिटर' आपल्याकडे सगळे बोलतात आणि इथल्या मुलाखतीत चालून जातं.

ट्रेडला स्किल म्हणू नका. वेल्डिंग करता येणं हे स्किल, वेल्डर हा ट्रेड. बायोडेटामध्ये ट्रेड एका ओळीत आणि त्याखाली स्किल्स लिहा: व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) वाचता येतो, ड्रॉइंग वाचता येतं, मोटार रिवाइंडिंग करता येतं. जे येतं तेच लिहा, कारण वर्कशॉपमध्ये नेऊन हातात कानस देणारे साहेब अजूनही आहेत. तसंच ट्रेडला क्राफ्टही म्हणू नका. आयटीआयच्या शिक्षकाला शिल्प निदेशक, क्राफ्ट इन्स्ट्रक्टर म्हणतात, आणि ज्या योजनेखाली आयटीआय चालतात तिचं इंग्रजी नावही क्राफ्ट्समन ट्रेनिंग स्कीम आहे. पण अर्जात 'युवर क्राफ्ट' कोणी विचारत नाही. वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली. तिथे क्राफ्टमधून, हाताच्या कामातून शिकवण्याचा विचार मांडला गेला, तो प्रत्येक मुलासाठी. ट्रेड पोटासाठी धरलेल्या कामाला म्हणतात.

उच्चारासाठी थोडा सराव करावा लागतो. ट्रेडमधला 'ए' लांब ओढायचा आणि सुरुवातीला 'टरेड' होऊ द्यायचं नाही. मशीन शॉपमध्ये 'थ्रेड' म्हणजे बोल्टवरचे आटे, तो वेगळा शब्द. मोबाइलवर रोज दिसणारा 'ट्रेंड' वेगळा. आणि ट्रॅक्टरच्या टायरवरच्या नक्षीला जे ट्रेड म्हणतात, ज्याची झीज झाली की रिमोल्ड करतात, तो शब्द देवनागरीत सारखाच लिहिला जातो, पण त्याचं स्पेलिंग टी, आर, ई, ए, डी असं आहे आणि 'ए' आखूड बोलतात. त्याचं मूळ पाऊल टाकणं, तुडवणं. आपल्या ट्रेडच्या कुळातलाच तो शब्द आहे.

शेतीचा रकाना भरून आणलेला तो पोरगा त्या रात्री वर्कशॉपमध्ये माझ्यासमोर बसला. नवीन अर्ज काढला, एनटीसी शेजारी ठेवलं आणि एकेक अक्षर बोटाने दाखवत त्याने इलेक्ट्रिशियन लिहिलं. मग मी साहेब झालो आणि विचारलं, विच ट्रेड? पहिल्यांदा तो 'सर, इलेक्ट्रिकल' म्हणाला. दुसऱ्यांदा बरोबर बोलला. त्याचे वडील दारात उभे होते. त्यांनी पालकाचा व्यवसाय हा रकाना दाखवून विचारलं, "आन् यात शेतीच ना?"

"हाव," मी म्हणालो, "यात शेतीच लिवा."